शिसं नसलेला पिवळा

१२ फेब्रुवारी

टिल्लू,

मोठ्या बहिणीनं धाकट्याला पत्र लिहायचं तर आधी आशीर्वाद लिहायचे असतात. ते लिहिलेत असं धरून चाल. पेन तिथेच अडून बसलंय आणि मला पुढे जायचंय.

काल काकांचा फोन आला. तू त्या परक्या गावी पोचल्या पोचल्या सगळ्या नातेवाइकांना एकेक करून फोन केलेस, हे त्यांच्याकडून कळलं. मला म्हणाले, "पोरी, भावाचं बरं चाललेलं तुला बघवलं नाही का गं?" मी विचारलं, "काय सांगितलंय त्यानं तुम्हाला?" तर म्हणे, "तो कशाला सांगेल? मला दिसत नाही होय?" काकांना समोरची पायरी दिसत नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणजे सांगितलंयस तूच. आईलाही तेच सांगितलंस: बाबांच्या खुर्चीवर मी बसलो आणि ताई जिन्याखालच्या प्रयोगशाळेत राहिली, म्हणून तिनं कारखान्याला टाळं लावायला लावलं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. म्हणून लिहिते. आणि पहिल्यापासून लिहिते, नाहीतर मधलंच एखादं वाक्य उचलून तू वाद घालत बसशील.

बाबांचा कारखाना उभा होता तो पिवळ्यावर. लाल, हिरवा, निळा सगळेच करायचे. आपला पिवळा मात्र दुसऱ्या कुणाला जमत नव्हता. प्लास्टिकवाले आपली रंगाची पूड मूठभर घेऊन त्यांच्या पांढऱ्या मालात टाकायचे आणि बादली असो, खुर्ची असो, उन्हात ठेवल्यासारखी झळकत बाहेर पडायची. त्या पिवळ्यात शिसं होतं. बाबांना माहीत होतं, सगळ्या धंद्याला माहीत होतं, आणि तेव्हा कुणी विचारत नव्हतं. बाबा गेले आणि लोक विचारायला लागले. बाहेरची गिऱ्हाइकं दारातूनच म्हणायची, शिसं असेल तर नमुनासुद्धा काढू नका. तेव्हा तू माझ्या स्टुलावर येऊन बसलास आणि म्हणालास, "ताई, काहीतरी काढ गं. नाहीतर आपण बाद."

काढलं मी. किती वर्षं लागली ते तू जाणतोस. प्लास्टिक वितळतं त्या आचेत फुलापानांचा रंग क्षणात करपतो, तिथे खनिजच लागतं. टिटॅनियम, कथील, जस्त. कुटायचं, चाळायचं, मुशीत भरायचं, भट्टीत ठेवायचं. थंड झाल्यावर झाकण उघडायचं, तर आत राखाडी. प्रमाण बदलायचं, पुन्हा भट्टी, पुन्हा झाकण. कधी मळकट, कधी भाजलेल्या विटेसारखा, कधी रंग बरा पण पूड इतकी खरखरीत की यंत्राचा स्क्रू खाऊन टाकील. तू दारातून डोकावून विचारायचास, "आज काय निघालं, चिखल की शेंबूड?" आणि मी चिमटा फेकून मारायची.

मग एके दिवशी झाकण उघडलं आणि आत पिवळा होता. बाबांच्या पिवळ्यासारखा भडक नव्हे. जरा शांत, पण स्वच्छ. तू मला उचलून गरगर फिरवलंस आणि मामांना बोलावलंस. (काकांना हे पत्र वाचून दाखवणार असलास तर सांग: मामा म्हणजे आपले मिक्सरवाले मामा. नात्याचे कुणी नव्हेत, पण बाबांच्याही आधी कुणी आपल्याला खांद्यावर घेतलं असेल तर त्यांनी.) मामांनी बोटावर पूड घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "यानं खोकला नाही ना येणार?" मी म्हटलं, "यात शिसं नाही मामा." ते तुझ्याकडे बघून म्हणाले, "शेठ, आता ताईंना गाडी घेऊन द्या."

तो दिवस खरा होता. तेवढा तरी तू खोटा ठरवू नकोस.

ताई

५ मार्च

टिल्लू,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी टपालवाल्याची सायकल वाजली की आई दाराकडे बघते. म्हणून मीही बघते.

आता पुढचं.

माझा पिवळा बाजारात गेला. प्रत्येक पोत्यावर हिरवं पान छापलेलं आणि सोबत माझ्या सहीचा कागद, यात शिसं नाही म्हणून. पेलेवाल्यानं आपला सगळा माल घ्यायला सुरुवात केली, तो लहान मुलांचे पेले, वाट्या, चमचे बनवणारा. एका प्रदर्शनात तो मला भेटला. हात जोडून म्हणाला, "बाई, कमाल केलीत. पहिला माल जरा फिका होता, पण हल्लीचा पिवळा बघून डोळे निवतात. जुन्या शिशाच्या पिवळ्याच्या तोंडात मारतो."

घरी येईपर्यंत मी हवेत होते. आईलासुद्धा सांगितलं. आणि भाजी चिरता चिरता हात थांबला. माझा पिवळा मला माहीत होता, टिल्लू. जन्म दिलाय मी त्याला. तो इतका देखणा कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोदामात जाऊन हिरव्या पानाच्या पोत्यातली पूड आणली. बशीत चिमूटभर घेतली, वर सल्फाइडच्या पाण्याचा थेंब सोडला. सडक्या अंड्याचा वास आला आणि थेंबाखाली पिवळा काळा पडला. टिटॅनियम, कथील, जस्त काळं पडत नाही. शिसं पडतं. शाळेतल्या मुलालाही जमेल असा प्रयोग आहे. मी दुसऱ्या पोत्यातली पूड घेतली, मग तिसऱ्या. कोळसा उगाळावा तितका काळाच.

मी बशी घेऊन तुझ्या ऑफिसात आले. तू आधी दार लावून घेतलंस.

"किती घातलंस?" मी विचारलं.

"थोडंसं गं. तोंडी लावण्यापुरतं."

"मुलांचे पेले-चमचे आहेत ते, टिल्लू. तोंडीच लावतात."

तू हसलास. मला वाटतं त्या हसण्यावरच आपलं नातं संपलं, बाकीचं सगळं नंतरची आवराआवर.

मग म्हणालास, "तुझा पिवळा आजारी दिसतो, ताई. गिऱ्हाईक तुझ्या तोंडावर बोलत नाही, माझ्या तोंडावर बोलतं. तेवढा रंग चढवायचा तर तुझा तिप्पट घालावा लागतो. घेणार कोण?"

"मला सांगायचंस. मी पुन्हा भट्टीपाशी बसले असते."

"आणि तोवर माणसांना काय खायला घालू? तुझा सहीचा कागद?"

तो प्रश्न खरा होता. अजूनही आहे. पण सही माझी होती. मी तसं म्हटल्यावर तू बाबांच्या खुर्चीतून उठून माझ्याजवळ आलास, डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "आईची शपथ. हा माल संपला की बंद."

आई अजून धडधाकट आहे. शपथा खोट्या असतात हे यावरून सिद्ध होतं.

ताई

२१ मार्च

टिल्लू,

आई माझ्याकडे राहते, माझ्या हातचं खाते आणि बोलते भिंतीशी. "लोकांना आपलं माणूस कळत नाही," असं भिंतीला सांगते. मग भिंतीलाच विचारते, "दूध संपलंय का?" मी दूध आणून ठेवते. भिंतीला तेवढं जमत नाही.

आज मामा येऊन गेले, ते सांगायला बसले आहे. पण आधी त्यांच्या हाताचं सांगते, कारण तू सगळ्यांना "मामांच्या अंगावरून वारं गेलं" असं सांगत फिरलास.

तुझ्या शपथेनंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मामांचं पोट दुखायचं, भूक मेली होती, हिरड्यांशी निळसर रेघ आली होती. ते म्हणायचे वय झालं. एकदा माझ्या टेबलाशी चहा प्यायला बसले. कप उचलायला हात पुढे केला आणि मनगट उचललंच नाही. मान मोडलेल्या पाखरासारखा पंजा लोंबत राहिला. मामा त्याच्याकडे बघत बसले, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे. मग डाव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "ताई, चहा गार होतोय तुमचा."

मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?"

"रंगाच्या मिक्सरवर आहे."

"कुठला रंग?"

मामा ताठ बसले. "पिवळा. आमच्या ताईंनी शोधलेला. त्यात शिसं नसतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर तुझ्या वाट्याला यायला हवी होती, टिल्लू. आली माझ्या.

तेव्हाही मी आधी तुझ्याकडेच आले. कुठल्या ऑफिसात नाही, वर्तमानपत्रात नाही, तुझ्याकडे. म्हटलं, मिक्सर आज बंद कर. तू मान खाली घालून ऐकलंस. डोळ्यांत पाणीही आलं होतं तुझ्या, ते मी नाकारत नाही. मामांना पगारी रजा दिलीस, औषधाचं बघतो म्हणालास. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिक्सरवर नवा माणूस उभा होता. नुकतंच लग्न झालेला, तोंडाला रुमाल बांधलेला. मामा घरी बसून त्याला फोनवरून काम समजावत होते, कुठला खटका कधी दाबायचा ते.

त्या दुपारी मी हिरव्या पानाचं एक पोतं आणि मामांचा रक्ताचा अहवाल घेऊन सरकारी तपासनिसांच्या ऑफिसात गेले. खुर्चीसाठी नाही गेले. तू त्या जागी दुसरा माणूस उभा केलास म्हणून गेले. आईला फोनवर हे सांग कधीतरी.

तर मामा आज आले. मी खुर्ची दिली, ते दारातच उभे राहिले. मला वाटलं, काही मदत हवी असेल. ते म्हणाले, "ताई, माझा हात गेला तो गेला. त्याचं मी कुणाला बोललो नाही. पण कारखाना बंद करून तुम्ही सगळ्यांच्या पोटावर पाय दिलात. मला न विचारता."

"मामा, तुमच्यासाठीच…"

"माझ्यासाठी असतं तर मला विचारलं असतंत. माझं रक्त घेऊन गेलात, मला नाही नेलंत."

आणि गेले. आई आतून ऐकत होती. या वेळी भिंतीलाही काही म्हणाली नाही.

मी बरोबर होते. अजूनही म्हणते, बरोबर होते. पण बरोबर असण्याची ऊब काही लागत नाही रे.

ताई

९ मे

टिल्लू,

तुझी यंत्रं विकली गेली. तुझ्या वकिलानं तुला कळवलंच असेल, पण घेतली कुणी हे बहुधा सांगितलं नसेल, म्हणून कळवते. आपल्या मागच्या गल्लीत रंगच करणाऱ्या त्या चष्मेवाल्यानं. बाबा ज्याला 'नकल्या' म्हणायचे तोच. मिक्सर नेताना मी फाटकाशी उभी होते. टेम्पोत चढवताना आतला पिवळा रस्त्यावर सांडत होता आणि हमाल त्यातून अनवाणी चालत होते. मी ओरडले. त्यांना वाटलं, बाईचा जीव यंत्रात अडकलाय.

परवा बाजारात गेले होते. भांड्यांच्या दुकानाबाहेर पेल्यांची चळत होती, पिवळीधमक. मी एक विकत घेतला. घरी येऊन सुरीनं खरवडला, पूड जाळून उरलेली फिकी राख बशीत घेतली, थेंब सोडला. काळा.

पेलेवाला आता चष्मेवाल्याकडून घेतो. रंग तोच, मिक्सर तोच, पोत्यावर पानसुद्धा हिरवंच, फक्त देठ दुसऱ्या बाजूला.

मी बशी तशीच घेऊन तपासनिसांकडे गेले. साहेब भला माणूस आहे. त्यानं बशी पाहिली, मला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाला, "बाई, तुमच्या घरचा माल तुम्ही स्वतः आणून दिलात, म्हणून पकडता आला. दुसऱ्याच्या घरात शिरायचं तर आम्हाला कुणीतरी आतलं लागतं."

"पेला आहे ना समोर."

"पेल्यावर रंगाच्या कारखान्याचं नाव कुठे असतं?"

आई ओट्याशी उभी होती. मी आल्यावर तिनं ती बशी पाहिली. काळ्या डागावरून बोट फिरवायला गेली, मी हात धरला. तेव्हा सरळ माझ्याकडे बघून बोलली, कित्येक महिन्यांनी.

"हेच सगळे करतात?"

"बरेच."

"मग त्याचा एकट्याचाच का बंद झाला?"

मी म्हटलं, "कारण बहीण त्याला एकट्यालाच होती."

आई खाली बसली. मला वाटलं रडेल. तिनं फक्त पदरानं हात पुसले, पुसतच राहिली. मग म्हणाली, "त्याला लहानपणी मीच पाठीशी घालायचे. तू खरं सांगायचीस आणि मार तूच खायचीस." एवढंच. उठली आणि कुकर लावला.

मला हवं होतं ते मिळालं म्हणायचं. आईनं ओळखलं मला. पण त्याच वेळी बाजारात ती चळत उभी होती आणि तू परक्या गावात भाड्याच्या खोलीत होतास. शहाणपण पदरात पडलं, ते असं सगळं गमावून. त्याचं काय करू, लोणचं घालू?

माझं विचारलं नाहीस, तरी सांगते. एका कॉलेजातली जुनी भट्टी मला वापरायला मिळाली आहे. शिकवायचं आणि उरलेल्या वेळात रंग. धान्याचे डबे करणारी एक बाई थोडा थोडा माल नेते. तिला फिका चालतो. म्हणते, "भडक रंगाचे डबे बघून आतलं धान्य खोटं वाटतं." अशी एक भेटली. एकच.

ताई

३० ऑगस्ट

टिल्लू,

तुझं पत्र आलं.

पाकिटावरचं अक्षर ओळखून आईनं ते मला हातात घेऊ दिलं नाही, आधी स्वतः फोडलं. मग चष्मा सापडेना म्हणून माझ्याकडेच द्यावं लागलं. मी मोठ्यानं वाचलं. तू लिहिलंयस की तिकडच्या कारखान्यात तुझा साहेब शिसं दारातही घेत नाही, सेंद्रिय पिवळे साच्यात करपतात, आणि माझा पिवळा नायलॉनमध्ये चालेल का, किती आच सोसेल, नमुना मिळेल का. बस. आईची चौकशी नाही, मामांची नाही. माझ्या चार पत्रांतल्या एका शब्दालाही उत्तर नाही. वर "ताईस" आणि खाली सही, तीही ऑफिसातली, पूर्ण आडनावासकट.

आईनं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "नायलॉन म्हणजे काय गं?" मी तिला समजावून सांगितलं. तिनं लक्ष देऊन ऐकलं, जणू तू तिलाच विचारलं होतंस.

खरं सांगू? तुझा प्रश्न वाचून मला आनंद झाला. नायलॉनचा प्रश्न चांगला आहे. आणि आनंद झाला याचा इतका राग आला की दोन दिवस मी उत्तर लिहिलं नाही.

आता उत्तर. नायलॉनमध्ये चालेल. तुमच्या साच्याची जी आच असते ती तो आरामात सोसतो, भट्टीत याच्या कितीतरी पट सोसून आलाय. पण नायलॉन आधी नीट वाळवून घ्या, ओल राहिली तर माल ठिसूळ होईल आणि दोष रंगाला देतील. पूड बारीक दळलेलीच वापरा. प्रमाण तुला सवय आहे त्यापेक्षा जास्त लागेल. फिका दिसेल. फिका दिसला तर त्यात काहीही घालू नकोस. साहेबाला सांग, हा असाच आहे. तो नको म्हणाला तर नको. नमुना वेगळा पाठवला आहे.

इथपर्यंतचं साहेबाला दाखवलंस तरी चालेल. याखालचं फाडून घे.

तुझ्या तोंडून "चुकलो" ऐकायची मी वाट बघत नाही. मला म्हणू नकोसच, मला ते आता कुठे ठेवायचं कळणार नाही. पण एक माणूस आहे.

गेल्या आठवड्यात मी मामांकडे गेले होते. जाऊ नये असं वाटत होतं, आईनं ढकललं. औषधानं आणि पिवळ्यापासून लांब राहिल्यानं त्यांचा हात जरासा उचलतो. बाहेर खाटेवर बसून रबरी चेंडू दाबत होते. मी शेजारी बसून राहिले, ते चेंडू दाबत राहिले. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "टिल्लूशेठ कसे आहेत? परक्या ठिकाणी वेळेवर जेवतात ना?"

मी कशी आहे ते विचारलं नाही. मी म्हटलं, विचारून सांगते.

पत्ता खाली दिलाय. त्यांना वाचता येत नाही, सून वाचून दाखवते. सोपं लिही.

ताई